किडनीचा आजार असलेला म्हातारा कुत्रा जेवत का नाही? त्याला पुन्हा खातं कसं करायचं?

"नखरे करतोय. भूक लागली की खाईल गपचूप."

कुत्रा वाटीपाशी गेला, वास घेतला आणि तसाच परत फिरला की घरातलं कुणीतरी हे वाक्य हमखास म्हणतं. तरुण, धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत ते खरंही असू शकतं. पण कुत्रा दहा-बारा वर्षांचा असेल आणि त्याच्या किडन्या बिघडल्या असतील, तर हेच वाक्य त्याच्या जिवावर बेतू शकतं.

कारण असा कुत्रा बहुतेक वेळा नखरे करत नसतो. त्याला मळमळत असतं.

एवढी एक गोष्ट लक्षात आली की पुढचं बरंच काही बदलतं. मग आपण चिकन, पनीर, बिस्किट असं एकामागून एक त्याच्यापुढे ठेवत बसत नाही. आधी मळमळ थांबवतो आणि मग वाटी भरतो. हे नेमकं कसं करायचं, घरातलं काय चालतं, काय अजिबात चालत नाही आणि कधी थेट डॉक्टरांकडे पळायचं, ते समजून घेऊया.

किडनीचा आणि भुकेचा काय संबंध?

किडनी रक्त गाळते, हे आपण शाळेत शिकलोय. प्रोटीन वापरलं गेलं की शरीरात युरियासारखा कचरा तयार होतो. तो लघवीवाटे बाहेर टाकणं हे किडनीचं काम. शिवाय शरीरातलं पाणी, मीठ, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचा तोल तीच सांभाळते. लाल रक्तपेशी तयार करायचा आदेश देणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोनही तिथेच बनतं.

क्रॉनिक किडनी डिसीज म्हणजे किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, हळूहळू कायमच्या निकामी होत जाणं. गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत. उरलेले नेफ्रॉन जास्तीचं काम ओढत राहतात, त्यामुळे बराच काळ बाहेरून काही कळत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, तोवर किडनीची साधारण ७५ टक्के क्षमता गेलेली असते. एसडीएमए नावाची रक्ततपासणी हे तुलनेनं लवकर, सरासरी ४० टक्के क्षमता गेल्यावर दाखवू शकते.

भूक मरते ती एका कारणाने नाही. बरीच कारणं एकत्र येतात:

• रक्तात साठलेला कचरा मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतो. उलटी झाली नाही तरी मळमळ होतच राहते.

• पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास होतो.

• लाळेतल्या युरियाचा अमोनिया होतो. तोंडाला उग्र वास येतो, हिरड्यांवर आणि जिभेवर व्रण पडतात. आपल्याला तोंड आल्यावर जेवताना जे होतं, तेच त्याला होतं.

• लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी कमी पडतं. कोरडं पडलेलं शरीर अन्न मागत नाही.

• लाल पेशी कमी होतात. ॲनिमियामुळे उठून वाटीपर्यंत जायचीही इच्छा राहत नाही.

• रक्तातली आम्लता वाढणं, पोटॅशियम कमी-जास्त होणं, पोट साफ न होणं यांचीही भर पडते.

आपल्याकडे आजारी माणसाबद्दल म्हणतात की त्याची अन्नावरची वासना उडालीय. इथे नेमकं तेच झालेलं असतं. घाटात गाडी लागलेल्या माणसासमोर बिर्याणीचं ताट ठेवलं तर तो तोंड फिरवेल. बिर्याणी वाईट आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

मळमळ होतेय हे ओळखायचं कसं?

कुत्रा सांगू शकत नाही, पण दाखवतो. ही लक्षणं बघा:

• समोर खाणं नसताना सारखे ओठ आणि नाक चाटणं. मराठीत 'जिभल्या चाटणं' म्हणजे चव आवडणं. आजारी कुत्र्याच्या बाबतीत अर्थ उलटा लागतो. हे मळमळीचं फार नेहमीचं लक्षण आहे.

• लाळ गळणं, सारखं गिळल्यासारखं करणं.

• अन्नाचा वास आला की मान वळवणं किंवा खोलीतून निघून जाणं.

• गवत खायची घाई करणं.

• सकाळी रिकाम्या पोटी पिवळी किंवा फेसाळ उलटी.

• वाटीभोवती नाकाने माती उकरल्यासारखं करणं, जणू अन्न पुरून ठेवायचंय.

आणखी एक फरक ओळखता आला तर डॉक्टरांना खूप मदत होते. कुत्रा उत्साहाने वाटीपाशी येतो, घास घेतो आणि टाकतो, तर तोंडात व्रण किंवा दातदुखी असू शकते. वाटीपाशी येतो, हुंगतो आणि मागे फिरतो, तर मळमळ असू शकते. जागेवरून उठतच नाही, तर अशक्तपणा, शरीरातलं पाणी कमी होणं, ॲनिमिया किंवा कुठलंतरी दुखणं असू शकतं. हे निदान नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी ठोस माहिती आहे. शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवा.

आधी डॉक्टर, मग वाटी

खाण्याच्या युक्त्या नंतर. आधी पशुवैद्यांशी बोलून पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

आजार कितव्या टप्प्यात आहे? जगभरातले पशुवैद्य 'आयरिस', म्हणजे इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीची पद्धत वापरतात. तिच्यात क्रिएटिनिनवरून चार टप्पे ठरतात. कुत्र्यांमध्ये १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर पहिला, १.४ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि ५ च्या वर चौथा टप्पा. सोबत लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाबही बघतात. भूक जाण्याचा त्रास मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात दिसतो. कुत्रा दुसऱ्याच टप्प्यात असून जेवत नसेल, तर किडनीशिवाय आणखी काही आहे का हे शोधायला हवं.

इथे एक खाच आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. म्हातारा कुत्रा खंगून त्याचे स्नायू झिजले की क्रिएटिनिन कमी दिसू शकतं. आकडा उतरला म्हणून लगेच खूश होऊ नका, वजनही बघा.

मळमळीवर औषध आहे का? आहे. मॅरोपिटंट आणि ऑन्डान्सेट्रॉन ही उलटी-मळमळीवरची औषधं पशुवैद्य कुत्र्यांना देतात. पोटातलं ॲसिड कमी करणारं औषध लागेल का, तेही तेच ठरवतील. घरात माणसांसाठी आणलेली उलटीची गोळी अंदाजाने अर्धी करून देऊ नका. डोस वजनावर आणि किडनीच्या अवस्थेवर ठरतो.

भूक वाढवणारं औषध? कॅप्रोमोरेलिन हे भुकेचा संदेश देणाऱ्या घ्रेलिन हार्मोनसारखं काम करतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांची भूक वाढवण्यासाठी त्याला २०१६ मध्ये मंजुरी दिली. मिर्टाझॅपिनही वापरलं जातं. आपल्या शहरात काय मिळतं आणि आपल्या कुत्र्याला काय चालेल, हे डॉक्टरांना विचारा. मळमळ तशीच ठेवून फक्त भुकेचं औषध दिलं तर फारसा उपयोग होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

शरीरात पाणी पुरेसं आहे का? अनेक कुत्र्यांना सलाइन दिल्यावर काही तासांत तरतरी येते आणि ते खायला लागतात. काही पालकांना डॉक्टर कातडीखाली सलाइन द्यायला शिकवतात आणि ते घरीच देतात. पण कुत्र्याला हृदयाचा आजार असेल तर जास्तीचं पाणी त्रासदायक ठरतं. त्यामुळे किती आणि कधी द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. रात्री घरात शू करतो म्हणून पाण्याची वाटी उचलून ठेवू नका. त्याची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून तो जास्त पितो आणि जास्त सोडतो. पाणी तोडलं तर काही तासांत तब्येत ढासळू शकते. फरशी पुसता येते.

किडनीचं खास खाणं म्हणजे काय?

त्याला रीनल डाएट म्हणतात. त्यात फॉस्फरस आणि मीठ कमी असतं. प्रोटीन मोजकं, पण चांगल्या प्रतीचं असतं. कॅलरी जास्त असतात आणि ओमेगा-३ फॅटी ॲसिड घातलेली असतात.

याची सुरुवात एका गाइड डॉगमुळे झाली. अमेरिकेत मॉरिस फ्रँक या दृष्टिहीन गृहस्थांच्या बडी नावाच्या कुत्र्याला किडनीचा आजार झाला होता. १९३० च्या दशकाच्या शेवटी डॉ. मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी खास अन्न तयार केलं. पुढे १९४८ मध्ये तेच 'के-डी' या नावाने डबाबंद स्वरूपात बाजारात आलं. आज अनेक कंपन्या असं खाणं बनवतात.

त्याचा उपयोग होतो का? २००२ मध्ये किडनीचा आजार असलेल्या ३८ कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या आसपास कुत्र्यांना रीनल डाएट आणि बाकीच्यांना नेहमीचं खाणं दिलं होतं. रीनल डाएटवरच्या कुत्र्यांचं आयुष्य मध्यकाच्या हिशेबाने ५९४ दिवस, तर नेहमीच्या खाण्यावरच्या कुत्र्यांचं १८८ दिवस होतं. तब्येत एकदम ढासळण्याचा धोकाही साधारण ७५ टक्क्यांनी कमी होता.

म्हणजे हे खाणं औषधच आहे. पण वाटीत पडून राहिलेलं औषध कामाचं नाही. इथेच पालकांची कोंडी होते.

तो रीनल डाएटला तोंडच लावत नसेल तर?

नियम साधा आहे: योग्य खाणं सगळ्यात चांगलं, पण काहीच न खाण्यापेक्षा काहीतरी खाणं बरं.

उपाशी राहिलेलं शरीर ऊर्जेसाठी स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. त्यातूनही युरिया तयार होतो. म्हणजे प्रोटीन टाळण्यासाठी त्याला उपाशी ठेवलं, तर तोच कचरा त्याच्या स्वतःच्या मांसातून रक्तात येतो. वर तो खंगतो ते वेगळंच.

म्हणून "हे खायचं असेल तर खा, नाहीतर राहा उपाशी" हा हट्ट इथे चालत नाही. पुढच्या गोष्टी पाळा:

• मळमळ सुरू असताना नवं खाणं सुरू करू नका. आपल्याला एखादा पदार्थ खाऊन उलटी झाली की पुढे कितीतरी दिवस त्याचा वासही नको होतो. कुत्र्याचंही तसंच असतं. एकदा त्याने रीनल खाण्याची आणि मळमळीची सांगड घातली, की ते खाणं कायमचं बाद होऊ शकतं.

• तब्येत सावरली की जुन्या खाण्यात चमचाभर नवं मिसळा. प्रमाण हळूहळू वाढवा. दोन ते चार आठवडे लागले तरी हरकत नाही.

• एका कंपनीचं नाही आवडलं तर दुसऱ्या कंपनीचं बघा. कोरडं नको असेल तर ओलं, डब्यातलं बघा.

• फॉस्फरस आतड्यातच अडवणारं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर ते जेवणासोबतच द्यावं लागतं, नाहीतर उपयोग नाही. मात्र कडू गोळ्या संपूर्ण जेवणात कालवू नका. जेवणाच्या सुरुवातीला एका छोट्या घासात द्या, मग वाटी पुढे करा. वाटीतलं सगळंच कडू लागलं तर तो वाटीवरच रुसेल.

घरी करून बघण्यासारख्या युक्त्या

कोमट करून द्या. म्हाताऱ्या कुत्र्याची वास घेण्याची ताकद कमी झालेली असते. कोमट अन्नाला वास जास्त सुटतो. साधारण अंगाच्या उबेइतकं, म्हणजे बोट बुडवलं तर ऊब जाणवेल पण चटका बसणार नाही, इतकंच गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये केलं तर नीट हलवा, मध्ये गरम गोळा राहतो.

पण हाही नियम सरसकट नाही. खूप मळमळ असेल तर वासानेच त्रास होतो. अशा वेळी फ्रिजमधून काढून थोडं थांबलेलं, गारसर अन्न काही कुत्रे खातात. दोन्ही करून बघा.

थोडं-थोडं, जास्त वेळा. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच छोटी जेवणं द्या. रात्री झोपताना दोन घास दिले तर पहाटेची पिवळी उलटी कमी होऊ शकते.

वेळ साधा. मळमळीचं औषध दिल्यावर ते लागू व्हायला वेळ द्या. किती वेळ थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. काही कुत्रे सकाळी काहीच खात नाहीत, पण संध्याकाळी खातात. त्याची वेळ कुठली ते ओळखा.

वाटी बदला. मान खाली करायला त्रास होत असेल तर वाटी पाटावर किंवा छोट्या स्टुलावर ठेवा. पसरट ताटली चालते का बघा. फरशी गुळगुळीत असेल तर पायाखाली चटई टाका, म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात.

हातावर द्या. पहिला घास हातावरून घेतला की पुढचं वाटीतलं खातात, असे बरेच कुत्रे असतात. बोटाला लावून ओठांपाशी न्या. चाटलं तर ठीक, नाही तर सोडून द्या.

वाटी पडू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. दिवसभर समोर पडलेल्या अन्नाचा वास मळमळ वाढवतो. शिवाय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते लवकर आंबतं.

गर्दी करू नका. आई, बाबा, आजी, सगळे वाटीभोवती बसून "खा ना रे सोन्या" करत असतील तर कुत्र्याला ताण येतो. एकाने वाटी ठेवावी आणि बाजूला व्हावं. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला वेगळ्या खोलीत जेवू घाला.

आपल्या स्वयंपाकघरातलं काय चालतं?

रीनल डाएटला चव यावी म्हणून किंवा कठीण दिवस निभावण्यासाठी या गोष्टी कामी येतात. तरी डॉक्टरांना एकदा विचाराच.

• मऊ शिजवलेला पांढरा भात. फॉस्फरस कमी, पोटाला हलका.

• अंड्याचा पांढरा भाग, शिजवून. प्रोटीन उत्तम आणि १०० ग्रॅममध्ये फॉस्फरस फक्त १५ मिलिग्रॅमच्या आसपास. पिवळ्या बलकात तोच ३९० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून बलक बाजूला.

• बिनहाडाचं चिकन उकळलेलं पाणी, मीठ, कांदा, लसूण आणि मसाला न घालता. दोन-तीन चमचे अन्नावर ओतले की वास येतो आणि पाणीही पोटात जातं.

• उकडलेल्या चिकनचे थोडे रेशे, अन्नावर भुरभुरायला.

• थोडं साजूक तूप. चमचाभर तुपात ४५ कॅलरी मिळतात. मात्र पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा जुलाब होत असतील तर तूप नको.

• उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा. पोट साफ व्हायला मदत होते. भोपळ्यात पोटॅशियम असतं, त्यामुळे कुत्र्याचं पोटॅशियम वाढलेलं असेल तर टाळा.

काय अजिबात द्यायचं नाही?

• कांदा आणि लसूण. लाल पेशी फुटतात. आधीच ॲनिमिया असलेल्या कुत्र्याला हे आणखी धोक्याचं. रस्सा, तयार सूपची पावडर, मसाल्याचे क्यूब यांत हे दोन्ही लपलेले असतात.

• द्राक्षं, मनुका, बेदाणे. यांनी निरोगी कुत्र्याचीही किडनी निकामी होऊ शकते. शिऱ्यातले, खिरीतले बेदाणेही त्यात आले.

• चॉकलेट, आणि झायलिटॉल असलेले शुगर-फ्री पदार्थ.

• खारट गोष्टी: सुकट, सुके बोंबील, सोडे, पापड, फरसाण, लोणचं. सुकटीच्या वासाने म्हातारा कुत्रा उठून बसतो हे खरं, पण तिच्यात मीठ आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर.

• हाडं. फॉस्फरसचा साठाच. कलेजीही फॉस्फरसने भरलेली असते, त्यामुळे रोजच्या जेवणात नको.

• दूध, पनीर, चीज. शाकाहारी घरात दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्यासाठी हा बदल अवघड असतो. चवीपुरतं चमचाभर दही चालेल का, ते त्याच्या फॉस्फरसच्या रिपोर्टवर अवलंबून आहे.

• माणसांच्या वेदनाशामक गोळ्या. "सांधे दुखत असतील म्हणून खात नसेल" असं वाटून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि उरलीसुरली किडनीही जाऊ शकते. गिधाडांच्या किडन्या निकामी करून त्यांना नामशेष होण्याच्या काठावर नेणारं औषध डायक्लोफिनॅकच होतं.

मग पूर्णपणे घरचं खाणं दिलं तर? देता येतं, पण इंटरनेटवरची रेसिपी बघून नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किडनीच्या आजारासाठी पुस्तकांत आणि इंटरनेटवर दिलेल्या कुत्र्या-मांजरांच्या ६७ रेसिपी तपासल्या गेल्या. सगळी पोषकद्रव्यं पुरेशी असलेली एकही सापडली नाही. चार दिवस भात आणि अंड्याचा पांढरा भाग ठीक आहे. महिनोन्‌महिने द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं ठरवून घ्या.

किती खाल्लं म्हणजे पुरेसं?

"थोडंसं खाल्लं" हे डॉक्टरांच्या कामाचं उत्तर नाही. कॅल्क्युलेटर घ्या. वजनाला वजनाने आणि पुन्हा वजनाने गुणा. आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा.

उदाहरणार्थ, कुत्रा २० किलोचा आहे. २० गुणिले २० गुणिले २० म्हणजे ८०००. वर्गमूळ ८९.४. पुन्हा वर्गमूळ ९.४६. गुणिले ७० म्हणजे साधारण ६६० कॅलरी. पडून असलेल्या कुत्र्याची ही दिवसाची किमान गरज. १० किलोच्या कुत्र्यासाठी ती ३९० च्या आसपास आणि ३० किलोच्या कुत्र्यासाठी ९०० च्या आसपास येते.

आता बघा. १० किलोच्या कुत्र्याने १०० ग्रॅम शिजलेला भात (१३० कॅलरी) आणि एका अंड्याचा पांढरा भाग (१७ कॅलरी) खाल्ला. आपल्याला वाटतं, चला, जेवला. प्रत्यक्षात गरजेच्या ४० टक्केही पोटात गेलेलं नाही.

म्हणून एक वही करा. रोज काय दिलं, किती खाल्लं, उलटी झाली का, शी-शू कशी आहे आणि कोणतं औषध कधी दिलं, ते लिहा. आठवड्यातून एकदा वजन करा. त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. पाठीचा कणा आणि डोक्याची हाडं हाताला जास्त टोचायला लागली तर स्नायू झिजताहेत.

जबरदस्तीने भरवायचं का?

नाही. तोंड उघडून सिरिंजने अन्न ढकललं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय जेवण म्हणजे छळ, असं त्याच्या डोक्यात बसतं.

बरेच दिवस पुरेसं खाणं जात नसेल आणि बाकी तब्येत सावरण्यासारखी असेल, तर डॉक्टर मानेतून अन्ननलिकेत फीडिंग ट्यूब घालण्याचा पर्याय देऊ शकतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण त्यातून अन्न, पाणी आणि औषधं रोजच्या झटापटीशिवाय देता येतात. ट्यूब असतानाही कुत्रा तोंडाने खाऊ शकतो.

वाट बघायची नाही, लगेच निघायचं, ते कधी?

• पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही.
• पाणीही पीत नाही, किंवा प्यायलेलं उलटून पडतंय.
• उलटीत रक्त किंवा काळी, डांबरासारखी शी.
• लघवी अचानक कमी किंवा बंद झाली.
• झटके येणं, तोल जाणं, उठता न येणं.

कालपर्यंत ठणठणीत असलेला कुत्रा अचानक जेवायचा थांबला आणि उलट्या, ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर म्हातारपण समजून थांबू नका. कोकण आणि मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो किडनीवर अचानक हल्ला करतो आणि माणसांनाही होऊ शकतो. वेळेत उपचार मिळाले तर किडनी सावरू शकते.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत.

सगळं करूनही तो खात नसेल तर?

हा प्रश्न कुणालाच विचारावासा वाटत नाही, पण चौथ्या टप्प्यात तो येतो. औषधं, सलाइन, कोमट भात, हातावरचा घास, सगळं होऊनही कुत्रा तोंड फिरवतो. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. आजार तिथवर पोचलेला असतो.

अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी अशा वेळेसाठी सात प्रश्नांची एक मोजपट्टी केली आहे. वेदना किती आटोक्यात आहेत, पुरेसं खातोय का, शरीरात पाणी पुरेसं आहे का, स्वच्छ राहतोय का, आनंदी आहे का, हालचाल करू शकतो का आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर आयुष्याचा दर्जा बरा मानतात. घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळे गुण द्या आणि मग तुलना करा. आपण ज्याला चांगला दिवस म्हणतोय तो खरंच चांगला आहे का, हे त्यातून दिसतं. मग उपचार वाढवायचे, फक्त त्रास कमी ठेवायचा की त्याला शांतपणे जाऊ द्यायचं, यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

आणि आज तुमच्या कुत्र्याने वाटी नाकारली असेल, तर डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा: शेवटचं कधी आणि किती खाल्लं, उलटी किती वेळा झाली, पाणी पितोय का, लघवी होतेय का, आठवड्यात वजन किती उतरलं. मग विचारा, "त्याला मळमळत असेल का, आणि त्यावर आजच काय देता येईल?"